अन्नाला शेत, कापडाला व्याज

नाशिकरोडला, एका पोस्टात, बचत खात्यांच्या खिडकीपुढे सकाळी साडेअकराची रांग. पासबुक छापणाऱ्या यंत्राची करकर, दोरीनं बांधलेलं पेन, कुणाच्या तरी पिशवीतून येणारा मेथीचा ओला वास. रांगेत पुढे असलेल्या आजींची मासिक उत्पन्न योजनेतली पाच वर्षांची ठेव पिकली होती. साडेचार लाख. ती तशीच पुन्हा ठेवायची होती. खिडकीतल्या मुलीनं आपुलकीनं सांगितलं, "आजी, तेव्हा महिन्याला दोन हजार चारशे पंचाहत्तर मिळायचे ना? आता त्याच रकमेवर दोन हजार सातशे पंचाहत्तर मिळतील. तीनशे रुपये वाढले तुमचे." आजींनी सही केली, चष्मा काढून डबीत ठेवला आणि स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "वाढले गं बाई. पण तेव्हा एवढ्यात महिन्याचा किराणा निघायचा, वर दुधाचं बिल भागायचं. आता नुसता किराणाही निघत नाही. ठेवीला तर मी हात लावला नाही. मग पैसे जातात कुठं?" मुलगी ओशाळं हसली. मागे रांग होती.

"पैसे जातात कुठं?" हा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण त्याला रुपयापर्यंत उत्तर देता येतं आणि ते उत्तर त्या खिडकीवर कुणालाच सुचलं नाही. २०२० च्या एप्रिलपासून २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत या योजनेचा दर ६.६ टक्के होता. त्या काळात खातं उघडलं की तो दर पाच वर्षं कायम. म्हणून महिन्याला २,४७५ रुपये, साठ महिने, एक पैसा कमी नाही की जास्त नाही. एकूण व्याज १,४८,५०० रुपये. आता या पाच वर्षांत महागाई सरासरी ५ टक्के धरू. साडेचार लाखांत तेव्हा जे येत होतं, तेच घ्यायला आज ५,७४,००० रुपये लागतील. मुद्दल मात्र साडेचार लाखच परत आलं. म्हणजे १,२४,००० रुपयांची घट आहे, आणि ती पासबुकात कुठल्याच ओळीत छापलेली नाही. हातात आलेल्या १,४८,५०० मधून ही घट वजा केली तर खरी कमाई उरते ती सुमारे २४,००० रुपये. पाच वर्षांत.

महिन्याला चारशे रुपये.

बाकीचे दोन हजार पंचाहत्तर हे व्याजाच्या नावानं आलेलं मुद्दलच होतं. आजींना वाटलं ठेवीला हात लावला नाही. प्रत्यक्षात दर महिन्याला तिचा एक तुकडा किराण्याच्या दुकानात जात होता. यात त्यांची काही चूक नाही, पासबुकाची रचनाच तशी. पण निफाड-येवल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कांद्याचं बी धरायचं तर चांगले निवडक कांदे बाजूला काढून पुन्हा मातीत लावावे लागतात. भाव कितीही चढला तरी ते कांदे चाळीतून बाजारात जात नाहीत. गेले, तर पुढच्या वर्षीचं बी विकत आणावं लागतं. ठेवीच्या व्याजातला महागाईएवढा हिस्सा हा त्या बाजूला काढलेल्या कांद्यासारखा असतो. तो खाण्यातला नसतो.

मागच्या पिढीला हे फारसं जाणवलं नाही, त्याला कारण आहे. १९८८ साली किसान विकास पत्र आलं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. म्हणजे दर साडेतेरा टक्क्यांच्या जवळपास. पीपीएफवर १९८६ पासून २००० च्या सुरुवातीपर्यंत १२ टक्के मिळत. महागाईही तेव्हा काही कमी नव्हती, पण व्याज तिच्या डोक्यावरून जात असे. नाशिकरोडच्या घराघरांतून लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात अशी पत्रं रबर लावून ठेवलेली असत. त्यांतली कित्येक इथल्याच प्रतिभूती मुद्रणालयात छापलेली. शेजारी चलार्थ पत्र मुद्रणालय, १९२८ पासून नोटा छापणारं. नोटेच्या इतक्या जवळ राहणाऱ्या गावानं कागदावर विश्वास ठेवला तर त्यात नवल नाही. आता तेच किसान विकास पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, नऊ वर्षं सात महिने, आणि पत्राचा कागदही २०१६ पासून छापून मिळत नाही. पण आपल्याकडची सवय अजून त्या साडेपाच वर्षांचीच आहे.

महागाई ५ टक्के की ७, हा वाद पुष्कळ चालतो. गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेकमध्ये बोलत नाही. पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, असं सांगतो आणि सगळ्या गावाला ते कळतं. सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक हा तसा मारुती आहे. गावासाठी एक खूण. भांडी बाजारातल्या दुकानदाराला मात्र मारुतीबरोबर आपल्या दुकानाची पायरी ठाऊक असावी लागते, कारण कुणाकडे मारुतीच्या कमरेलाच पाणी शिरतं आणि कुणाचा ओटा उंच असतो. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन शंभरात सुमारे ४६ होतं. निवृत्त जोडप्याच्या घरात शाळेची फी नसते, पण रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या असतात. म्हणून आपली पायरी आपण मोजावी. घरातला तीन वर्षांपूर्वीचा एक साधा महिना निवडावा. दिवाळीचा नको, आजारपणाचा नको. बिलं, वही, बँकेचं पासबुक जमवावं. मग बेरजेची बेरजेशी तुलना करू नये, सगळ्यांची चूक इथंच होते. खर्च वाढला तो दर वाढल्यानं की दोन लिटरऐवजी तीन लिटर तेल आणल्यानं, हे बेरजेत कळत नाही. त्याच कंपनीचं तेवढंच तेल, तीच गोळी, तेवढीच युनिटं, यांचे तेव्हाचे आणि आताचे दर मांडावेत.

समजा तेव्हा घर ३०,००० रुपयांत चालत होतं. किराणा-दूध-भाजी १२,०००, त्याचे दर २० टक्क्यांनी वाढले. डॉक्टर-औषधं ६,०००, ते ३६ टक्क्यांनी. वीज, गॅस, सोसायटी ६,०००, ते १५ टक्क्यांनी. कामाच्या बाईंचा पगार ३,०००, तो ३० टक्क्यांनी. आणि उरलेले किरकोळ ३,०००, ते १० टक्क्यांनी. प्रत्येकाच्या वाट्यानं वाढ धरली की घराची तीन वर्षांतली महागाई २२.२ टक्के निघते. तिला तीननं भागून ७.४ म्हणायचं नाही, कारण दरवर्षीची वाढ मागच्या वाढलेल्या दरावर बसते. चक्रवाढीनं ती वर्षाला ६.९ येते. भाजीसाठी मात्र एक महिना धरून भागत नाही. लासलगावात कांदा भडकतो तो महिना घेतला तर महागाई आभाळाला टेकते, आणि कोसळतो तो घेतला तर स्वस्ताई आल्यासारखी वाटते. भाजीला वर्षभराची सरासरीच हवी. एका रविवारची दुपार पुरते या कामाला, आणि हाती येणारा आकडा बातम्यांतल्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगाचा असतो. व्याजाचा दर त्या आकड्याशी ताडून पाहायचा, तोही कर वजा करून. ७ टक्क्यांची ठेव २० टक्के कराच्या पायरीवर ५.६ ची होते. घराची महागाई ६.९ असेल तर ती ठेव सुरक्षित आहे आणि दरवर्षी सव्वा टक्क्यानं झिजतेही आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

हे सगळं मनात घोळत असताना पांडवलेणी आठवतात. त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढून गेलं की दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या भिंतीवर, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. आत थंडावा असतो, वटवाघळांचा उग्र वास असतो, आणि तिरप्या उन्हात अक्षरं एकदम वर येतात. त्यानं लेणं दिलं आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, कायमची ठेव दिली. जवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ती ठेवली: एकीकडे दोन हजार, महिना शेकडा एक व्याजानं, दुसरीकडे एक हजार, महिना शेकडा पाऊण व्याजानं. लेखातला शब्दही "पायून" आहे, आपण बोलतो तोच पाऊण. दोन हजारांचं वर्षाचं व्याज २४० होतं. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं कापडासाठी. वीस बारे दोनशे चाळीस, हिशेब चोख जुळतो. आणि अट घातली आहे: "अपडिदातवा वधिभोजा". मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त वाढ भोगायची.

इथवर हा हिशेब आजींच्या पासबुकासारखाच आहे. ठरलेली रक्कम, ठरलेलं व्याज, मुद्दलाला हात नाही. कापड महागलं तरी बारा म्हणजे बाराच. पण त्याच माणसानं अन्नासाठी काय केलं ते त्याच लेण्यात लिहिलं आहे. त्यानं चार हजार कार्षापणं देऊन एका ब्राह्मणाकडून शहराच्या वायव्येला शेत विकत घेतलं, आणि लेण्यातल्या सगळ्या भिक्षूंना त्यातून अन्न मिळेल असं ठरवलं. कापडाच्या ठेवीपेक्षा मोठी रक्कम अन्नाच्या शेतात. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेनं याच डोंगरावरच्या आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी वेगळी ठेव ठेवली, आणि ती एका श्रेणीकडे ठेवली नाही. कुलरिकांकडे (बहुधा कुंभार), पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे, तेल्यांकडे अशी वाटून ठेवली. त्यांनी महागाईचा विचार केला होता असं म्हणणं धाडसाचं होईल. पण खर्चाचा स्वभाव पाहून त्याच्यामागे पैसा उभा करायचा, ही रीत त्या भिंतीवर स्पष्ट दिसते. वर्षातून एकदा लागणारं, ठरावीक मापाचं कापड व्याजातून. रोज लागणारं, कधीच न थांबणारं अन्न अशा गोष्टीतून, जी स्वतःच धान्य देते. धान्याचा भाव काहीही होवो. आणि आजारपण, ज्याची तारीख आणि रक्कम दोन्ही ठाऊक नसतात, ते अनेक ठिकाणी वाटून.

आपण आज सगळंच कापडाच्या ठेवीत टाकतो.

आजच्या घराला शेत कोणतं? ज्याचं उत्पन्न भावांबरोबर वर सरकतं ते. तेल, साबण, औषधं, सिमेंट विकणाऱ्या कंपन्या खर्च वाढला की किंमत वाढवतात, म्हणून त्यांच्यातला वाटा दीर्घकाळात महागाईच्या पुढे राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यासाठी एकेक शेअर निवडत बसायची गरज नाही. निफ्टी ५० किंवा सेन्सेक्सच्या मागे चालणारा साधा इंडेक्स फंड, मध्यस्थाशिवाय घेतलेल्या डायरेक्ट योजनेतला, ज्याचा वार्षिक खर्च पाव टक्क्याच्या आत आहे, तो पुरतो. पण दीर्घकाळ हा शब्द इथं फार सैल वापरला जातो, आणि त्यानं माणसं पोळली आहेत. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला होता. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो ३,००० च्या आसपास होता आणि त्या अकरा वर्षांत बाजारातल्या वस्तूंचे भाव दुपटीच्या वर गेले होते. २००८ च्या जानेवारीत २१,००० ला टेकलेला सेन्सेक्स २००९ च्या मार्चमध्ये आठ हजारांच्या घरात होता. ज्याला त्या मार्चमध्ये घरखर्चासाठी युनिटं विकावी लागली, त्याचं शेतच विकलं गेलं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी तीन वर्षांचा खर्च मुदत ठेवीत. मगच जो पैसा दहा वर्षं लागणार नाही तो फंडात. तोही एकदम नाही, लिक्विड फंडात, म्हणजे कमी जोखमीच्या आणि लगेच पैसे काढता येणाऱ्या फंडात ठेवून दीड-दोन वर्षांत महिन्याच्या हप्त्यांनी वळवायचा. दरवर्षी एप्रिलमध्ये बघायचं: फंड वाढला असेल तर एका वर्षाचा खर्च काढून ठेवीचा साठा भरायचा, पडला असेल तर हात लावायचा नाही, ठेवींवर जगायचं. वर्षाकाठी सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, तेवढ्या मापात काढत राहिलं तर करही वाचतो. सत्तरीच्या माणसानंसुद्धा शंभरातले पंचवीस तिथं ठेवावेत, कारण सत्तरीनंतरची पंधरा-वीस वर्षं हा आता अनेकांचा खराखुरा हिशेब आहे. शून्य ठेवणं सुरक्षित वाटतं, पण त्याची किंमत ऐंशीव्या वर्षी कळते.

आणि प्रत्यक्ष जमीन? नाशिकमध्ये हा विषय निघाला की गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला कुणी काय भावानं घेतलं होतं याच्या कहाण्या संपत नाहीत. त्या खऱ्या असतात. पण लेण्यांतच याचंही उत्तर आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा आदेश आहे, वर्ष २४ चा. कखडी गावात भिक्षूंना दिलेलं शेत कसलं जात नाही आणि ते गावही ओस आहे, म्हणून त्याऐवजी दुसरीकडे शंभर निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) राजाची जमीन द्यावी, असं त्यात लिहिलं आहे. शेत कसणारा हात नसेल तर शेत नुसता दगडावरचा शब्द राहतो. भिक्षूंचं शेत बदलून द्यायला राजा होता. आपला प्लॉट शहरापासून पंचवीस किलोमीटरवर, बिनशेती न झालेला, सातबाऱ्यावर सात नावं आणि मोजणी न झालेला असेल, तर ऐन गरजेला तो विकला जात नाही. राहत्या घराशिवाय दुसरा फ्लॅट घेतला तर भाडं वर्षाला त्याच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या पलीकडे सहसा जात नाही. त्यातून घरपट्टी, देखभाल आणि दोन भाडेकरूंमधले रिकामे महिने वजा करावे लागतात. भाड्याची एक गोष्ट मात्र चांगली: अकरा महिन्यांच्या करारात दर खेपेला पाच ते दहा टक्के वाढ लिहून घेता येते. ही वाढ न लिहिता ओळखीवर सोडून दिली, तर फ्लॅटही कापडाच्या ठेवीसारखाच गोठतो.

व्याजाला नावं ठेवायची नाहीत. व्याजाचं काम व्याजानंच करावं, फक्त सगळी रक्कम एका मुदतीत कोंडू नये. २०२० च्या मे महिन्यात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो, ४ टक्क्यांवर आला आणि दोन वर्षं तिथंच राहिला. मोठ्या बँका पाच वर्षांच्या ठेवीला साडेपाचच्या आसपास देत होत्या. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. मेपासून रेपो चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. ज्यांनी २०२१ मध्ये सगळे पैसे पाच वर्षांसाठी अडकवले, ते खिडकीतून बघत राहिले. पाच लाखांची एकच ठेव करण्याऐवजी लाखालाखाच्या पाच, एक ते पाच वर्षांच्या मुदतीच्या कराव्यात. दरवर्षी एक पिकते, ती त्या वेळच्या दरानं पुन्हा पाच वर्षांसाठी टाकायची. दर चढले तरी काही भाग चढत्या दरात जातो, उतरले तरी काही भाग जुन्या चांगल्या दरात राहतो. दर खूपच वाढले आणि जुनी ठेव मोडावीशी वाटली, तर हिशेब सोपा आहे. मोडल्यावर बँक ठरलेला दर देत नाही. जितका काळ ठेव राहिली त्या काळाचा दर, आणि त्यातून अर्धा ते एक टक्का दंड. हा तोटा उलटलेल्या वर्षांवर होतो, फायदा उरलेल्या वर्षांवर. वर्षच उलटलं असेल आणि चार बाकी असतील तर दीड टक्क्याच्या फरकासाठीही मोडणं परवडतं. तीन उलटली असतील तर सहसा नाही. रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट बचत रोखे हाही चांगला पर्याय: राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्का जास्त, दर १ जानेवारी आणि १ जुलैला नव्यानं ठरणारा. सात वर्षं पैसे अडकतात, साठीनंतर थोडी सवलत आहे, आणि व्याज साठवून ठेवता येत नाही. दर बदलतो, पण तो महागाईला थेट बांधलेला नाही. तसे खरोखर बांधलेले रोखे सरकारनं २०१३ च्या डिसेंबरात काढले होते, ग्राहक महागाई अधिक दीड टक्का, दहा वर्षांसाठी. तेव्हा ते फार कुणी घेतले नाहीत. ते दार बंद झालं याची हळहळ वाटते, कारण आजींसारख्यांसाठी त्याहून नेमकं औषध दुसरं नव्हतं.

जेल रोडला एका इमारतीत दोन निवृत्त शेजारी असतात. एकाला सरकारी पेन्शन, जिच्यावर जानेवारी आणि जुलैत महागाई भत्ता बसतो. दुसरा सातपूरच्या कारखान्यातून निघालेला, कर्मचारी पेन्शन योजनेची, ईपीएस-९५ ची, ठरलेली पेन्शन घेणारा. त्या योजनेतली किमान पेन्शन २०१४ च्या सप्टेंबरपासून १,००० रुपये आहे. एकाच्या घरात शेत आधीच आहे, त्यानं उरलेले पैसे खुशाल ठेवीत ठेवावेत. दुसऱ्याला मात्र शेअर बाजाराची खरी गरज आहे, आणि नेमका तोच त्याला सर्वांत जास्त घाबरतो. त्याची भीती समजण्यासारखी आहे, कारण त्याच्याकडे चुकायला जागा नाही. अशाच माणसाला पतसंस्था दीड-दोन टक्के जास्त देऊन ओढून घेते. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. ती दीड टक्क्याची वाढ महागाईवरचा उपाय म्हणून घेऊ नये, असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगेन. या विम्याचीही एक गंमत नसलेली गोष्ट आहे: त्याची मर्यादा १९९३ पासून २०२० पर्यंत एक लाखच होती. सत्तावीस वर्षं ठेवीबरोबर तिचं संरक्षणही झिजत होतं.

सोनं आल्याशिवाय नाशिकचा हिशेब पुरा होत नाही. गुरुपुष्याला सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. २०१५ च्या नोव्हेंबरातला पहिला सुवर्ण रोखा २,६८४ रुपये ग्रॅमनं निघाला आणि आठ वर्षांनी ६,१३२ नं परत आला, वर दरवर्षी व्याज. पण त्याच सोन्याचा तोळ्याचा भाव २०१२ ते २०१८ बहुतेक काळ पंचवीस ते बत्तीस हजारांतच घुटमळला होता. सोनं महागाईबरोबर पावलाला पाऊल लावून चालत नाही. वर्षानुवर्षं बसून राहतं आणि मग एकदम उठतं. शंभरातले दहा पुरेत. आणि दागिना ही गुंतवणूक धरूच नये. लाखाचं सोनं, १२ टक्के मजुरी आणि वर ३ टक्के जीएसटी म्हणजे १,१५,३६० रुपये. मोडताना सोन्याचाच भाव मिळतो, तेव्हा भाव पंधरा टक्के चढेपर्यंत तोटाच आहे. घ्यायचंच तर हॉलमार्कचं वेढणं घ्यावं, ज्याची मजुरी नावापुरती असते, किंवा गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड. सरकारी सुवर्ण रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही. बाजारात जुने मिळतात, पण सोन्याच्या भावापेक्षा चढ्या दरानं घेतले तर हिशेब फिसकटतो.

औषधांची ठेव वेगळी हवी, विष्णुदत्तेसारखी. दहा वर्षांपूर्वी घेतलेला पाच लाखांचा आरोग्य विमा आज पाच लाखांचा राहिलेला नाही, हे कित्येकांना रुग्णालयात दाखल होतानाच कळतं. मूळ पॉलिसी वाढवणं महाग पडतं. त्याऐवजी पाच लाखांच्या वरचा खर्च उचलणारी सुपर टॉप-अप पॉलिसी घेतली तर संरक्षण कमी हप्त्यात मोठं होतं, मात्र ती तब्येत धड असतानाच घ्यावी लागते. त्याशिवाय दोन-तीन लाख रुपये असे हवेत जे अर्ध्या रात्री निघतील: काही एका बँकेत, काही दुसऱ्या, दोन्ही संयुक्त नावानं.

त्या आजींच्या साडेचार लाखांत यातलं किती बसतं? फार नाही, आणि ते मान्यच करायला हवं. त्या साठीच्या पुढच्या होत्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर २०२३ च्या एप्रिलपासून ८.२ टक्के झालेला. तिथं तिमाहीला ९,२२५ रुपये आले असते, म्हणजे महिन्याला ३,०७५. व्याज तीन महिन्यांनी मिळतं, एवढाच फरक. मासिक योजनाच हवी असली तरी तिचं व्याज त्याच पोस्टातल्या बचत खात्यात जमा होतं, आणि तिथून आवर्ती ठेवीचा हप्ता आपोआप वळवता येतो. २,७७५ मधले १,७५० तिकडे गेले, तर ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांत सुमारे १,२५,००० जमतात. ५ टक्के महागाईनं झिजवलेलं मुद्दल तेवढंच. हातात महिन्याला १,०२५ रुपये राहतात. हे ऐकायला कठोर आहे. ज्यांचा किराणा त्या व्याजावर चालतो त्यांना हे सांगताना जीभ जड होते. सगळे १,७५० नाही जमले तर पाचशे, तेही नाही तर शंभर. आवर्ती ठेव शंभर रुपयांपासून सुरू होते, पुढे दहाच्या पटीत.

आजी पासबुक पिशवीत घालून, जिन्याच्या कठड्याला धरून खाली उतरल्या. खिडकीशेजारच्या लाकडी खणांत फॉर्म रचून ठेवलेले होते. डावीकडच्या खणात मासिक योजनेचे, त्याला लागून ज्येष्ठ नागरिकांचे, आणि त्याखाली आवर्ती ठेवीचे.